पडद्यावर बारा, कप्प्यात नऊ : साठा आणि गोदामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुकानात दोन हजारांच्या आसपास आयटम आहेत. वर्षातून एकदा दोन दिवस दुकान बंद ठेवून सगळा माल मोजतो आणि संगणकातली शिल्लक दुरुस्त करतो. महिनाभरात पुन्हा फरक दिसायला लागतो. सॉफ्टवेअर बदलू का?

नका बदलू. बेरीज-वजाबाकीत सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही. माल हलला आणि नोंद झाली नाही, किंवा नोंद झाली पण भलत्याच आयटमवर, म्हणून फरक पडतो. वार्षिक मोजणी हा फरक पुसून टाकते, त्याचं कारण मात्र जागच्या जागी राहतं. अकरा महिन्यांपूर्वी नेमकं काय झालं होतं, हे मोजणीच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

फरकांची यादी काढा आणि आकडे दुरुस्त करण्याआधी ती नीट वाचा. एका आयटममध्ये ७ नग कमी आणि त्याच्याच दुसऱ्या रंगात किंवा मापात ७ जास्त असतील, तर चूक काउंटरवर आहे. तीन रंगांचे तीन नग आले की एकच स्कॅन करून प्रमाण ३ टाकलं जातंय. बिलाची रक्कम बरोबर येते, त्यामुळे गिऱ्हाईक बोलत नाही आणि गल्लाही जुळतो. फरक १२ किंवा २४ च्या पटीत येत असेल, तर आवक नोंदवताना खोका आणि नग यांची गल्लत झाली आहे. शिल्लक उणे दिसत असेल, तर आवक नोंदवायच्या आधीच माल विक्रीला गेला. नग हिशेबापेक्षा जास्त भरत असतील, तर परत आलेला किंवा बदलून दिलेला माल नोंद न करता कप्प्यात गेला असण्याची शक्यता मोठी. फुटलेले, नमुन्याला काढलेले, दुकानातच वापरलेले नग नोंदीशिवाय गेले की कमी भरतात. लहान, महाग, खिशात मावणाऱ्या वस्तूच तेवढ्या सतत कमी येत असतील, तर चोरीचा संशय घ्यायला जागा आहे. पण तो सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी वरची कारणं तपासली नाहीत, तर बिचाऱ्या नोकरांवर उगाच आळ येतो आणि पुढे कुणी खरी नोंदही सांगत नाही.

आता मोजणीबद्दल. दोन दिवसांची वार्षिक मोजणी रोजच्या छोट्या मोजणीत वाटून टाका. विक्रीच्या रकमेनुसार आयटमांचे तीन वर्ग करा. समजा ‘अ’ वर्गात ४००, ‘ब’ मध्ये ६०० आणि ‘क’ मध्ये १,००० आयटम निघाले. ‘अ’ दरमहा, ‘ब’ तीन महिन्यांनी आणि ‘क’ सहा महिन्यांनी मोजायचे ठरवले, तर वर्षाच्या मोजण्या ४,८०० अधिक २,४०० अधिक २,०००, म्हणजे ९,२०० होतात. कामाचे ३०० दिवस धरले, तर रोज ३१ आयटम. हे काम दुकान उघडण्यापूर्वी उरकावं. विक्री सुरू असताना मोजलं, तर मोजणीच्या वेळी बिलात किती होतं आणि कप्प्यात किती, हा घोळ निस्तरण्यातच सकाळ जाते.

मोजणाऱ्याला पडद्यावरचा आकडा दाखवू नका. ‘१२ असायला हवेत’ असं माहीत असलेला माणूस नऊ मोजून झाल्यावर उरलेले तीन मनातच मोजतो. फरक आला, तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. दोघांचं जुळलं, की गेल्या मोजणीपासूनच्या त्या आयटमच्या आवक-जावक नोंदी काढायच्या, कारण लिहायचं आणि मगच शिल्लक दुरुस्त करायची. कारणाचा रकाना रिकामा ठेवून दुरुस्ती होऊच नये, अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करा.

याशिवाय एक जवळजवळ फुकटातली मोजणी आहे. एखादा कप्पा रिकामा झाला, की पडद्यावर शून्य आहे का ते लगेच पाहायचं. शून्य मोजायला वेळ लागत नाही.

नोंदी किती खऱ्या आहेत हे रकमेवरून ठरवू नका. एका आयटममधला जास्तीचा माल दुसऱ्यातली तूट झाकतो आणि एकूण किंमत सुरेख जुळते. शंभर आयटम मोजले आणि त्यातले ९२ नगाला नग जुळले, तर अचूकता ९२ टक्के. हाच आकडा दर आठवड्याला भिंतीवर लिहा.

प्रश्न : संगणकात माल शिल्लक दिसतो, पण गिऱ्हाईक मागतं तेव्हा सापडत नाही. अशा आयटमांची नवी ऑर्डरही निघत नाही. हे आधी कसं ओळखायचं?

अशा साठ्याला फसवा साठा म्हणू. तो सगळ्यात महागात पडतो, कारण तो स्वतःहून कधीच उघडा पडत नाही. पडद्यावर ४ आहेत आणि प्रत्यक्षात एकही नाही. विक्री होत नाही म्हणून शिल्लक कमी होत नाही, आणि शिल्लक कमी होत नाही म्हणून नवा माल मागवायची पातळी गाठली जात नाही. कुणी विचारेपर्यंत हे चक्र असंच चालू राहतं.

ओळखायचा मार्ग विक्रीतून जातो. ‘शिल्लक आहे, पण विक्री थांबली’ असा अहवाल रोज काढा. किती दिवस थांबली की शंका घ्यायची, हे त्या मालाच्या खपावर ठरतं. दिवसाला सरासरी ५ नग जाणारा आयटम एक दिवस अजिबात न खपण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. तेव्हा त्याच्या बाबतीत एक कोरा दिवस पुरे. दिवसाला सरासरी एक नग जात असेल, तर सलग तीन कोऱ्या दिवसांची शक्यता सुमारे ५ टक्के. चौथ्या दिवशी कप्पा बघायला माणूस पाठवा. आठवड्याला एखादा नग जाणाऱ्या मालाला ही युक्ती लागू पडत नाही. तो ठरल्या दिवशी मोजावाच लागतो.

माल ‘हरवला’ असं ठरवण्याआधी तीन जागा नक्की बघाव्यात : परतीच्या मालाची टोपली, आवक उतरवायची जागा आणि त्याच वस्तूच्या दुसऱ्या मापाचा कप्पा.

प्रश्न : कोणता माल केव्हा आणि किती मागवायचा हे आजवर अंदाजाने ठरवतो. पुरवठादार कधी सात दिवसांत माल देतो, कधी अकरा. काही पद्धतशीर हिशेब आहे का?

आहे, आणि तो कागदावरही करता येतो. तीन आकडे लागतात : रोजचा सरासरी खप, त्या खपातला चढ-उतार आणि ऑर्डर दिल्यापासून माल कप्प्यात लागेपर्यंतचे दिवस.

सरासरी काढतानाच पहिली चूक होते. महिन्यात १६० नग गेले म्हणून ३० ने भागून ५.३ काढतात. पण त्यातले १० दिवस माल संपलेला होता. विक्रीला असलेल्या २० दिवसांनी भागलं, तर खरा खप दिवसाला ८ येतो. संपलेल्या दिवसांचं शून्य सरासरीत धरलं, की पुढची ऑर्डर लहान निघते, माल आणखी लवकर संपतो आणि सरासरी आणखी खाली येते. चांगला खपणारा आयटम ‘चालत नाही’ असं ठरून बंद होतो तो असा.

समजा खप दिवसाला ८, चढ-उताराचं प्रमाण विचलन (रोजचा खप सरासरीपासून साधारण किती हलतो तो आकडा) ३ आणि माल यायला ९ दिवस. (प्रमाण विचलन कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका सूत्राने निघतं, रोजच्या विक्रीचे दोन-तीन महिन्यांचे आकडे द्या.) नऊ दिवसांत सरासरी ७२ नग जातील. त्यावर राखीव साठा हवा. १०० पैकी ९५ खेपांना माल संपू नये असं हवं असेल, तर गुणक १.६५ घ्यायचा. १.६५ गुणिले ३ गुणिले ३ (९ दिवसांचं वर्गमूळ), म्हणजे सुमारे १५. तेव्हा हातातला आणि वाटेतला मिळून माल ८७ वर आला की ऑर्डर द्यायची.

पण तुमचा पुरवठादार वेळ पाळत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. येण्याच्या दिवसांतही २ दिवसांचं विचलन धरलं, तर सूत्र थोडं लांबतं. खपाच्या विचलनाचा वर्ग गुणिले ९ दिवस, म्हणजे ८१. सरासरी खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे ६४ गुणिले ४, अर्थात २५६. बेरीज ३३७, तिचं वर्गमूळ साधारण १८.४, आणि १.६५ ने गुणलं की राखीव साठा ३० च्या वर जातो. पंधराचे तीस झाले, तेही केवळ अनियमितपणामुळे.

आता पुरवठादाराशी बोलताना काय मागायचं ते पाहा. त्याने ९ ऐवजी ६ दिवसांत माल द्यायचं कबूल केलं, पण अनियमितपणा तसाच राहिला, तर राखीव साठा २९ वर येतो. जेमतेम एक नग वाचला. (वाटेतला माल कमी झाला, हा फायदा वेगळा.) उलट नऊच दिवस घेतले, पण विचलन २ वरून १ वर आणलं, तर तोच साठा २० होतो. लवकर द्या म्हणण्यापेक्षा ठरल्या दिवशी द्या, हा आग्रह धरावा.

गुणकाची निवड मालानुसार करा. ९० टक्क्यांसाठी १.२८, ९५ साठी १.६५, ९९ साठी २.३३. वरच्याच उदाहरणात ९९ टक्के धरले, तर राखीव साठा ४३ होतो. सगळ्याच आयटमांना ९९ टक्के लावले, तर गोदाम भरतं आणि हातातला पैसा संपतो. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक खास तुमच्याकडे येतं, त्याला ९९ लावा. जे मिळालं नाही तर गिऱ्हाईक शेजारची दुसरी वस्तू घेऊन जातं, त्याला ९० पुष्कळ झाले.

तुम्ही रोज तपासत नसाल आणि ऑर्डर आठवड्यातून एकदाच जात असेल, तर ९ दिवसांत ते ७ दिवसही मिळवावे लागतात. पुरवठादार नियमित आहे असं धरलं, तर १६ दिवसांचा खप १२८ आणि राखीव २०, म्हणजे कमाल पातळी १४८. त्यातून हातातला आणि वाटेतला माल वजा करायचा, गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवलेला मिळवायचा आणि येईल तेवढी ऑर्डर द्यायची. वाटेतला माल वजा करायला विसरलं, की तीच ऑर्डर दोनदा जाते. गोदामं तुंबण्यामागे बाजाराच्या मंदीपेक्षा हे साधं कारण कितीतरी वेळा असतं.

महिन्याला दोन-तीन नग जाणाऱ्या मालाला हे सूत्र लावू नका. तिथे मांडणीवर दिसायला लागणारे नग अधिक एक, एवढा नियम ठेवा.

प्रश्न : एका वेळी जास्त मागवलं तर वाहतूक परवडते, पण जागा अडते. यातला मध्य कुठे?

यासाठी फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. वार्षिक खपाची दुप्पट करा, एका ऑर्डरमागे होणाऱ्या खर्चाने गुणा, एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. दिवसाला ८ नग आणि कामाचे ३६० दिवस धरले, तर वार्षिक खप २,८८०. एका ऑर्डरचा खर्च (वाहतूक, उतरवणं, तपासणं, कागदपत्रं) हा एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाच्या १० पट असेल, तर उत्तर येतं २४०. म्हणजे वर्षाला १२ ऑर्डरी.

ठेवण्याच्या खर्चात जागेचं भाडंच तेवढं धरतात आणि अडकलेल्या भांडवलाचं व्याज, विमा, घट, जुना होऊन उतरणारा भाव हे सोडून देतात. मग सूत्र भलतीच मोठी ऑर्डर सांगतं.

हे उत्तर नगाला नग पाळायची गरज नाही. २४० ऐवजी ३६० मागवले, म्हणजे दीडपट, तरी या दोन खर्चांची बेरीज ८ टक्क्यांच्या आसपासच वाढते. तेव्हा पुरवठादाराचा खोका ५० चा असेल, तर २५० मागवा आणि निर्धास्त राहा. मुदतीच्या मालाला मात्र कमाल मर्यादा सूत्राने नाही, मुदतीने ठरते.

प्रश्न : अ-ब-क वर्गवारी विक्रीवर करावी की नफ्यावर?

मोजणीसाठी विक्रीच्या रकमेवर, मांडणीसाठी किती वेळा उचलला जातो त्यावर, आणि भांडवल कुठे गुंतवायचं हे ठरवताना नफ्यावर. एकच यादी तिन्ही कामांना वापरली, की गडबड होते. महाग पण महिन्यातून एकदा विकली जाणारी वस्तू रकमेत ‘अ’ असते, पण तिला दाराजवळची जागा देण्यात अर्थ नाही. शिवाय स्वतः ‘क’ वर्गात असूनही ‘अ’ मालाची विक्री अडवून धरणाऱ्या वस्तू असतात. बॅटरी, जोडायची वायर, बदलायचं गाळणीचं पान अशा वस्तूंवर हाताने खूण करून त्यांना वरच्या वर्गात टाका. दर तीन महिन्यांनी वर्ग नव्याने काढा.

प्रश्न : गोदामात काय कुठे आहे हे एकाच जुन्या माणसाला माहीत आहे. तो रजेवर गेला की काम ठप्प होतं. मांडणी कशी करावी?

मालाला जागा देण्याआधी जागेला पत्ता द्या. गल्ली, घोडा (फळ्यांची उभी चौकट), मजला, कप्पा अशा क्रमाने : ०३-०७-२-०४ म्हणजे तिसरी गल्ली, सातवा घोडा, दुसरा मजला, चौथा कप्पा. मजला सोडून बाकीचे अंक दोन आकडी ठेवा, नाहीतर संगणक २ च्या आधी १० लावतो. मजले खालून वर मोजा. पुढे वर एक फळी वाढवली तरी जुने पत्ते बदलत नाहीत. गल्लीत शिरताना डावीकडचे घोडे विषम आणि उजवीकडचे सम ठेवले, तर माल काढणारा माणूस एकाच फेरीत दोन्ही बाजू उरकतो. दोन फळ्यांच्या मधल्या पट्टीवर पत्त्याची चिठ्ठी लावली, तर ती वरच्या कप्प्याची की खालच्या, हा घोळ होतो. तिथे बाण हवाच.

आता प्रत्येक आयटमला कायमची जागा द्यावी की जिथे रिकामं दिसेल तिथे ठेवावं? कायमच्या जागेत प्रत्येक आयटमच्या कमाल साठ्याएवढी जागा अडवून ठेवावी लागते. मोकळ्या पद्धतीत सरासरी साठ्याला लागते तेवढी जागा भागते, कारण सगळेच आयटम एकाच दिवशी कमाल पातळीवर नसतात. पण मोकळ्या पद्धतीत ठेवताना पत्ता नोंदवला नाही, तर माल हरवलाच म्हणून समजा. मधला मार्ग उत्तम : हाताने काढायचा माल कायमच्या कप्प्यात, आणि त्याच्या पाठीमागचा बंद खोक्यांचा साठा वरच्या फळ्यांवर किंवा मागे, जिथे जागा असेल तिथे. कप्प्यात ठरावीक नग उरले की वरून खोका उतरवायचा. हे भरणं काढणीच्या घाईत करू नका; सकाळी किंवा काम संपताना करा.

कंबर ते खांदा या उंचीतली जागा सगळ्यात मोलाची. सतत उचलला जाणारा माल तिथे. जड माल खाली, हलका आणि क्वचित लागणारा वर. एकाच वस्तूची दोन मापं शेजारी ठेवू नका, मध्ये वेगळं दिसणारं काहीतरी असू द्या. एकसारख्या खोक्यांमधून चुकीचं माप उचललं जाणं ही काढणीतली नेहमीची चूक आहे आणि ती शिकवण्याने सुटत नाही, जागा बदलून सुटते. एका कप्प्यात शक्यतो एकच आयटम ठेवा.

गोदाम १०० टक्के भरायच्या मागे लागू नका. साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे नवा माल ठेवायला आधी जुना हलवावा लागतो, गल्लीत खोके येतात आणि प्रत्येक फेरी लांबते. हातगाडीच्या गल्लीला एक ते सव्वा मीटर पुरते, पण साध्या फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन ते चार मीटर लागतात. फोर्कलिफ्ट घेण्याआधी गल्ली मोजा. आगीसाठी छताला पाण्याचे फवारे असतील, तर त्यांच्या तोंडाखाली किमान ४५ सेंटीमीटर मोकळे सोडा. नाहीतर वरच्या खोक्यांमुळे पाणी पसरत नाही.

घोड्यांबद्दल एक इशारा. आडव्या तुळईवर लिहिलेलं वजन हे तुळयांच्या जोडीचं आणि सारख्या पसरलेल्या मालाचं असतं. मधोमध एकच जड वस्तू ठेवली, तर तो आकडा लागू पडत नाही. आणि सगळ्यात खालची तुळई वर सरकवली, तर उभ्या खांबाचा आधाराशिवायचा भाग लांबतो आणि खांबाची ताकद घटते. ‘थोडं उंच केलं की खाली मोठं खोकं बसेल’ म्हणून हे सर्रास केलं जातं. बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहिल्याशिवाय करू नका. वाकलेला खांब ठोकून सरळ करायचा नसतो. माल उतरवून तो बदलायचा.

प्रश्न : आवक घेताना नेमकं काय तपासावं? गाडीवाला घाईत असतो.

गाडी उभी असताना फक्त दोन गोष्टी : खोक्यांची संख्या आणि बाहेरून दिसणारी मोडतोड. जे दिसेल ते सही करताना चलनावरच लिहा, फोटो काढा. आतले नग नंतर मोजता येतात, पण त्यासाठी सहीच्या वर ‘आतला माल तपासलेला नाही’ एवढं लिहून ठेवा.

त्यानंतरची मोजणी चलन बाजूला ठेवून करावी. मोजणाऱ्याने आपला आकडा लिहायचा, मग ऑर्डर, चलन आणि मोजणी तिन्ही समोर ठेवून जुळवायचे. पुरवठादाराचं बिल या तिन्हींत बसत असेल, तरच पैसे. नोंद करताना एकक बघा : १ खोका म्हणजे किती नग, हे आयटमच्या खात्यात आधीच भरलेलं असावं. पुरवठादाराने २४ चा खोका गुपचूप २० चा केला, तर ते इथेच पकडता येतं.

नोंद झाल्याशिवाय माल कप्प्यात जाणार नाही आणि आवकेच्या जागेत रात्रीचा माल राहणार नाही, हे दोन नियम पाळले तर पहिल्या प्रश्नातल्या उणे शिल्लका बहुतेक संपतात.

प्रश्न : ‘आधी आलेला माल आधी’ हा नियम सांगूनही मागे जुना माल सापडतोच. काय चुकतं?

फळीची खोली. ज्या बाजूने भरता त्याच बाजूने काढता, म्हणून नवा माल पुढे येतो. मागून भरायची सोय करा, किंवा पुढे उतरत्या, चाकं असलेल्या फळ्या लावा. ते शक्य नसेल, तर कमी खोल फळ्या. भरताना जुना माल बाहेर काढून नवा मागे लावायचा, हे काम मोठं वाटतं म्हणून टाळलं जातं. त्यासाठी वेळ धरूनच माणसं लावा.

मुदतीच्या मालाला हा नियम पुरतही नाही. उशिरा आलेल्या खेपेची मुदत आधी संपणारी असू शकते, तेव्हा ‘आधी संपणारा आधी’ हाच नियम हवा आणि आवकेच्या वेळी खेप क्रमांक व मुदत दोन्ही नोंदवायला हवी. एकूण आयुष्याच्या किमान दोन-तृतीयांश मुदत शिल्लक नसेल तर माल परत, अशी अट ऑर्डरवरच छापा. खोक्यावर मुदतीचा महिना मोठ्या अक्षरात लिहिला, तर काढणाऱ्याला बारीक छपाई शोधावी लागत नाही.

हिशेबातला ‘आधी आलेला आधी’ वेगळा. तो किंमत धरायचा नियम आहे, खोकी उचलायचा नव्हे. आणि ‘शेवटी आलेला आधी’ ही हिशेबाची पद्धत आयएएस २ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाच्या २००३ च्या सुधारणेपासून बाद आहे.

प्रश्न : काही मालावर बारकोड नसतो. स्वतः छापलेला चालतो का? आणि छापलेले स्कॅनर वाचत नाही, त्याचं काय?

दुकानापुरता चालतो. १३ अंकी पद्धतीत २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. तिथूनच सुरू करा, म्हणजे कुठल्याही कारखान्याच्या क्रमांकाशी टक्कर होत नाही. शेवटचा अंक तपासणीचा असतो. डावीकडून बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि पुढच्या दशकापर्यंत किती कमी पडतात ते लिहायचं. २०००० १२३४५६७ ची बेरीज ६२ येते, ७० ला ८ कमी, म्हणून तेरावा अंक ८.

न वाचण्याची कारणं ठरलेली असतात. मूळ आकार सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर आहे आणि त्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते : पूर्ण आकारात डावीकडे साधारण ३.६ आणि उजवीकडे २.३ मिलिमीटर. चिठ्ठी लहान करायला हीच जागा कापतात आणि कोड मरतो. लाल रेषा छापू नका. लाल उजेडाच्या स्कॅनरला त्या पांढऱ्याच दिसतात. बाटलीसारख्या गोल वस्तूवर रेषा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या याव्यात. वरून चकाकती चिकटपट्टी नको.

लक्षात ठेवा, हा कोड आयटम सांगतो. खेप किंवा मुदत नाही. आणि बंद खोक्याचा कोड वेगळा असतो, तो एका नगाच्या नावावर चढवू नका.

प्रश्न : दुकानातला माल ऑनलाइनही विकतो. एकच नग दोघांना विकला जातो.

पडद्यावर हातातला साठा दाखवू नका, विकता येण्याजोगा दाखवा. तो असा : हातातला साठा, वजा ऑर्डर आलेला, वजा तपासणीत अडकलेला, वजा राखण (मुद्दाम न दाखवलेले एक-दोन नग). ऑर्डर आल्या क्षणी नग अडवला गेला पाहिजे. बरेच जण तो माल पाठवताना वजा करतात, आणि मधल्या तासांतच घोटाळा होतो. शेवटचे एक-दोन नग ऑनलाइन दाखवायचेच नाहीत, कारण ते बहुधा गिऱ्हाइकाच्या टोपलीत किंवा भलत्या कप्प्यात असतात. नोंदींची अचूकता वाढत गेली, की ही राखण कमी करा.

परत आलेला माल थेट शिल्लकेत घेऊ नका. तपासून होईपर्यंत त्याला स्वतंत्र पत्ता द्या.

प्रश्न : पडून राहिलेल्या मालाचं काय करावं? खरेदीच्या भावाखाली विकायला मन होत नाही.

खरेदीचा भाव आता निर्णयात धरायचा नसतो. तो गेलेला पैसा आहे. विचार फक्त एवढाच करायचा : आज किती मिळतील, आणि सहा महिन्यांनी किती मिळतील, त्यातून सहा महिन्यांच्या जागेचा आणि भांडवलाचा खर्च वजा जाता.

साठा भागिले रोजचा खप असं प्रत्येक आयटमचं ‘किती दिवस पुरेल’ काढा. ९० नग आहेत आणि दहा दिवसांत तीन जातात, म्हणजे ३०० दिवस. खरेदीला चार महिन्यांपेक्षा जास्त झाले आणि साठा सहा महिन्यांहून अधिक पुरणार असेल, तर यादीत टाका. पहिली पायरी जागा बदलण्याची, कारण कित्येकदा माल चांगला असतो, फक्त दिसत नसतो. दुसरी, पुरवठादाराशी अदलाबदल. तिसरी, खपणाऱ्या मालाबरोबर जोडी. मग सूट. सूट दर आठवड्याला थोडी थोडी वाढवली, तर गिऱ्हाईक थांबायला शिकतं. एकदाच, पण हलेल एवढी मोठी द्यावी. त्यानंतरही उरलं ते निकाली काढून नोंदीतून वगळा.

आणि त्या आयटमची आपोआप निघणारी ऑर्डर बंद केली आहे का, ते पाहा. सवलतीत खप वाढतो, शिल्लक पातळीखाली येते आणि तोच माल पुन्हा दारात उतरतो.

प्रश्न : रेडिओ लहरींच्या चिठ्ठ्या लावल्या तर मोजणी मिनिटांत होते म्हणतात. घ्याव्यात का?

कपडे, बूट, पिशव्या असा माल असेल आणि मापं-रंग पुष्कळ असतील, तर विचार करण्यासारखं आहे. बंद खोक्यातलेही नग एकदम वाचले जातात. धातूचे डबे आणि द्रवाच्या बाटल्यांवर मात्र नेहमीच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या जात नाहीत : धातू लहरी परतवतो, पाणी शोषतं. शेजारच्या घोड्यावरच्या चिठ्ठ्याही नको असताना वाचल्या जातात. आधी एका विभागात, हाताच्या मोजणीशी ताडून पाहा. कप्प्यांना पत्ते नसतील, तर माल गोदामात ‘आहे’ एवढंच कळेल. कुठे, ते तरीही शोधावं लागेल.